टाकी फुल टू टाकी फुल

मराठी माणसाने अमेरिकेत कितीही मोठी गाडी घेतली, तरी ती बघायला आलेला दुसरा मराठी माणूस एकच प्रश्न विचारतो, "अ‍ॅव्हरेज किती देते?" इंजिन कसं आहे, ओझं किती ओढते, ब्रेक लागतात का, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. सुमेधाने आपला जुना, भलामोठा डिझेल पिकअप ट्रक टेक्सासमधल्या फ्रिस्को गावातल्या घरासमोर आणून उभा केला, त्या दिवशी पेढा तोंडात टाकता टाकता सात जणांनी तिला हेच विचारलं. आठव्याने नुसतंच ट्रकभोवती फिरून "बाईमाणसाला एवढं धूड कशाला?" असं म्हटलं, आणि त्याला पेढा मिळाला नाही.

धूड कशाला, ते सगळ्यांना ठाऊक होतं. फ्रिस्कोचं ढोल-ताशा पथक सुमेधाने अकरा वर्षांपूर्वी सुरू केलं, पुण्याहून मागवलेल्या सहा ढोलांवर. आता ढोल बेचाळीस होते, ताशे बारा, आणि ते सगळं ठेवायला एक पांढरा बंद ट्रेलर होता, माणूस आत ताठ उभा राहील एवढा उंच. दोन वर्षांपूर्वी सुमेधाच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरने सांगितलं, कमरेला ढोल बांधायचा नाही, कधीच नाही. छप्पन्नाव्या वर्षी बाईने काय करावं? घरी बसून व्हिडिओ बघावेत? तिने ट्रक घेतला. ढोल वाजवता येत नसेल, तर जिथे वाजणार तिथे तो मी नेईन, असं तिने कमिटीला सांगून टाकलं. ट्रेलरच्या कुलपाची किल्ली तेव्हापासून तिच्या जुडग्यात होती. पथकात तिचं म्हणावं असं तेवढंच उरलं होतं.

नोकरीने ती सॉफ्टवेअर टेस्टर. स्क्रीनवर जे दिसतं ते खोटं आहे असं धरून चालण्याचाच तिला बावीस वर्षं पगार मिळत होता. त्यामुळे ट्रकचा स्क्रीन अ‍ॅव्हरेज सांगायचा तो ती ऐकून घ्यायची, पण मानायची नाही. ती वडिलांनी लूनावर शिकवलेल्या रीतीने मोजायची : टाकी काठोकाठ भरायची, चालवायची, पुन्हा काठोकाठ भरायची, मैल भागिले गॅलन. डॅशबोर्डच्या खणात एक वही होती. त्यात दोनच रकाने होते, रिकामा आणि ट्रेलरसह. रिकामा ट्रक महामार्गावर अठराच्या आसपास द्यायचा. ट्रेलर लावला की अकरा. कोणी विचारलं की ती अकराच सांगायची. बारासुद्धा नाही.

आणि तिथेच माशी शिंकली.

फेब्रुवारीत राजेशने नवा ट्रक घेतला. राजेश एक्केचाळीसचा, पथकात दीड वर्षापूर्वी आलेला, हुशार, उत्साही आणि जिभेला हाड नसलेला. त्याचा ट्रकही डिझेलच, पण आकाराने लहान, इंजिन छोटं आणि नवीन. संजीवच्या घरी कमिटीची मीटिंग होती. संजीव पथकाचा अध्यक्ष. तिथे सगळ्यांसमोर राजेशने फोन पुढे केला. स्क्रीनचा फोटो होता.

"एकोणतीस पॉइंट सहा! रिकामा, हायवेला. ट्रेलर लावला तर धरा वीस. सुमेधाताईंचा अकरा देतो. ऑलमोस्ट डबल आहे यार."

"तू ट्रेलर लावून चालवलायस का कधी?" सुमेधाने विचारलं.

"चालवायला कशाला लागतं, ताई? कॉमन सेन्स आहे. ढोल आतून पोकळ असतात. वजन आहे कुठे? खरं सांगू, राग मानू नका, एवढ्याशा लोडला अकरा म्हणजे एक तर तुमच्या ट्रकमध्ये फॉल्ट आहे, नाहीतर ड्रायव्हिंगमध्ये."

कोणीतरी हसलं. कोणीतरी फोनवर हिशेब करून जाहीर केलं, "अकरा म्हणजे लिटरला साडेचार-पावणेपाच किलोमीटर. आपली लाल यष्टी तेवढं देते." मग सगळेच हसले. सुमेधा खोटं बोलली असती, पंधरा-सोळा सांगितलं असतं, तर ही वेळ आली नसती. खरं सांगितलं म्हणून ती आज अडाणी ड्रायव्हर ठरत होती.

संजीवने समजूतदारपणे घसा खाकरला. त्याचं घसा खाकरणं म्हणजे निर्णय आधीच झाला आहे असं समजावं. "सुमेधा, यंदा आठ कार्यक्रम आहेत. जिथे अ‍ॅव्हरेज चांगला, तिथे ट्रेलर, एवढं लॉजिकल आहे ना? आणि तुझ्या खांद्यालाही आराम."

"माझा खांदा मधे आणू नकोस. ट्रेलर तोच, रस्ता तोच, मग बघू. गुढीपाडव्याला सॅन अँटोनिओला जायचंय ना? जाताना मी ओढते, येताना राजेश. ज्याचा आकडा मोठा, किल्ली त्याची. अट एकच. टाकी फुल टू टाकी फुल. स्क्रीनचे फोटो नकोत."

"डन," राजेश म्हणाला.

रागाच्या भरात माणूस स्वतःच्याच पायावर कसा धोंडा पाडून घेतो, ते सुमेधाला पाडव्याच्या आदल्या शुक्रवारी सकाळी कळलं. ट्रेलर जोडून ती महामार्गाला लागली, आणि दुतर्फाच्या गाड्यांच्या शोरूमवरचे झेंडे सगळेच्या सगळे तिच्याच दिशेने ताठ फडकत होते. मार्च महिना, टेक्सास, दक्षिणेचा वारा. जायचं होतं दक्षिणेला.

"काय झालं गं ताई?" शेजारी बसलेल्या नेत्राने विचारलं. नेत्रा नागपूरची, पथकात ताशा वाजवायची, आणि सुमेधाची बाजू घेऊन कोणाशीही भांडायला एका पायावर तयार असायची.

"वारा. मी वाऱ्याचा विचारच केला नाही. आपण समोरून खाणार, आणि उद्या राजेश तो पाठीवर घेऊन येणार."

"बाप्पा! मग हे चीटिंग आहे ना! आत्ताच्या आत्ता फोन लाव संजीवला."

"काय सांगू? अट माझी आहे."

ढोल पोकळ असतात हे राजेशचं बरोबरच होतं. पण ढोल वजनाने नडत नाहीत. त्यांना ठेवायला घराच्या भिंतीएवढा डबा लागतो, आणि तो डबा पासष्टच्या वेगाने हवेतून रेटायचा असतो. त्यात बेचाळीस ढोल असोत की बेचाळीस उशा, भिंत तीच. हे सुमेधाला वहीने शिकवलं होतं. राजेशला अजून कोणी शिकवलं नव्हतं, आणि त्या दिवशी तर तो रिकाम्या ट्रकने तिला मागे टाकून हॉर्न वाजवत पुढे निघून गेला.

दोनशे शहाण्णव मैल. ती हट्टाने साठाच्या वर गेली नाही. तरी सॅन अँटोनिओच्या पंपावर मीटर फिरत राहिला, फिरत राहिला, आणि साडेबत्तीस गॅलनला थांबला. नेत्राने फोनवर भागाकार केला, आणि मग तोच पुन्हा केला.

"किती?"

"नऊ पॉइंट एक."

वहीत इतका वाईट आकडा कधीच पडला नव्हता. सुमेधा पंपाला टेकून उभी राहिली.

"ताई, अकरा लिही," नेत्रा हळूच म्हणाली. "रोज अकराच देतो ना तो? मग खोटं कुठे आहे? आणि बघतंय कोण इथं?"

"मी बघतेय."

"पण किल्ली जाईल गं तुझी!"

"जाऊ दे. वहीत एकदा खोटं लिहिलं, की मागचे सगळे आकडे खोटे झाले. मग राजेश म्हणतो तेच खरं, की मी थापाडी." तिने पथकाच्या ग्रुपवर लिहिलं : 'फ्रिस्को ते सॅन अँटोनिओ, ट्रेलरसह, वारा समोरून. ९.१.'

पाच मिनिटांत ग्रुपवर हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. यष्टीचा विनोद पुन्हा झाला. राजेशने स्वतःचा सकाळचा आकडा टाकला, 'टाकी फुल करून निघालो, रिकामा ट्रक, दहा गॅलनमध्ये आलो, २९.६', आणि शेवटी उंचावलेला अंगठा. संजीवने लिहिलं, 'सुमेधा, तुझ्या प्रामाणिकपणाचं कौतुक. म्हणजे आता प्रश्न मिटल्यातच जमा आहे.'

शनिवारी सकाळी शोभायात्रा झाली. सुमेधा पाण्याच्या बाटल्या घेऊन फुटपाथवरून पथकाच्या बरोबरीने चालत होती. पहिला टोल पडला तसा तिचा उजवा हात नकळत वर उठला आणि खांद्यातून कळ गेली. तिला रडू आलं, आणि रडू आलं याचा संताप आला. अकरा वर्षांपूर्वी यातल्या अर्ध्या लोकांना टिपरू कसं धरायचं ते तिने शिकवलं होतं. आता ते सगळे तिच्याकडे एखाद्या आजारी मावशीकडे बघावं तसं गोड हसून बघत होते. त्यापेक्षा भांडलेलं परवडलं.

दुपारी दीडला राजेशने ट्रेलर आपल्या ट्रकला जोडला. सुमेधाने साखळ्या लावल्यात का ते वाकून पाहिलं, ब्रेकची वायर ओढून पाहिली, आणि जुडग्यातून किल्ली काढून त्याच्या तळहातावर ठेवली.

"टाकी भरून घे," ती म्हणाली.

"कशाला? हे बघा, चारशे दहा मैल रेंज दाखवतोय. घर तीनशेवर. डायरेक्ट घरी जाऊन भरतो, त्यातून कालचे दहा गॅलन वजा करा."

"तो रिकामा असतानाचं गणित सांगतोय. त्याला मागच्या डब्याची अजून खबर नाही."

"ताई," राजेश हसून म्हणाला, "नवीन टेक्नॉलॉजी आहे. त्याला सगळं कळतं."

एकदा सांगणं हे तिचं काम होतं. पालथ्या घड्यावर पाणी घालायची तिला कधीच हौस नव्हती.

ती आणि नेत्रा रिकाम्या ट्रकने मागे निघाल्या. वारा पाठीशी होता, राजेश सुसाट होता. ऑस्टिन गेलं, टेम्पल गेलं. वेकोच्या अलीकडे त्याचा वेग सत्तरवरून साठावर आला, मग पंचावन्नवर. सुमेधाला लगेच कळलं.

"संपत आलंय त्याचं."

"मग थांबत का नाही मेला? एवढे पंप गेले!"

"आपण मागे आहोत म्हणून."

आणि तेच खरं होतं. एका पंपावर वळला असता तर विषय संपला असता. पण वळायचं तर मागून सुमेधाताई बघणार. पंपापेक्षा ती नजर महाग पडली. वेको मागे टाकून पंधराएक मैल झाले असतील, ट्रेलरला एकदा हिसका बसला, दुसऱ्यांदा बसला. देवाची कृपा एवढीच की समोर उतार होता. त्या उतारावरून घरंगळत राजेशचा ट्रक महामार्ग सोडून बाजूच्या रस्त्याला लागला आणि गवताच्या कडेला निपचित उभा राहिला.

सुमेधाने मागे ट्रक लावला. तिच्याकडे डिझेलचा पाच गॅलनचा कॅन कायम असायचा. राजेशने तो घेतला, ओतला आणि चावी फिरवली. इंजिन खोकत राहिलं. चालू झालं नाही.

"पूर्ण कोरडा केलास ना? पाइपात हवा गेली असेल," सुमेधा म्हणाली. "नुसतं ओतून भागत नाही. मेकॅनिकला बोलव."

मेकॅनिक तीन तासांनी येणार होता. साडेपाच वाजत आले होते. उद्या सकाळी आठला फ्रिस्कोत आपल्याच मंडळाची शोभायात्रा, आणि बेचाळीस ढोल इथे गवतात. राजेश ट्रकच्या पायरीवर बसला. त्याच्या चेहऱ्याचा पार रंग उडाला होता.

"ताई," तो म्हणाला, "प्लीज, ग्रुपवर नका टाकू. लोक जन्मभर बोलतील."

तेवढ्यात संजीवचा फोन आला. नेत्राने आधीच त्याला सगळं कळवून टाकलं होतं. "सुमेधा, मोठ्या मनाने घे. ट्रेलर तू आण, पण आकड्यांचं राहू दे आता. राजेशला ऑकवर्ड होईल. आपण नंतर शांतपणे बघू."

एवढा वेळ दाबून ठेवलेलं सगळं सुमेधाच्या तोंडाशी आलं.

"काल माझे नऊ आले तेव्हा कोणाला ऑकवर्ड झालं नाही? तेव्हा कौतुक केलंस माझं! संजीव, माझा आकडा वाईट आला तेव्हा प्रश्न मिटला, आणि त्याचा यायची वेळ आली तर नंतर शांतपणे? आकडा आज जाईल. जो आहे तो जाईल." आणि तिने फोन बंद केला.

मग ती कामाला लागली. राजेशने ट्रेलरचा जॅक फिरवून तोंड उचललं, आणि त्याच्या ट्रकला लावलेली, टोकाला लोखंडी गोळा असलेली जोडाची दांडी उपसून तिच्या ट्रकला लावली. नेत्रा इशारे करत राहिली, "डावीकडे, अजून, अजून, बस!" सुमेधाने एका हाताने स्टिअरिंग धरून ते धूड इंचाइंचाने मागे घेतलं. पहिल्याच खेपेला तोंड गोळ्यावर बसलं. साखळ्या, ब्रेकची वायर, दिवे. सगळं झाल्यावर राजेशने दाराचं कुलूप ओढून पाहिलं आणि किल्ली घेऊन घुटमळत उभा राहिला.

"किल्ली," सुमेधाने हात पुढे केला.

त्याने दिली.

हिल्सबरोच्या पहिल्या पंपावर तिने टाकी काठोकाठ भरली. तिथून फ्रिस्को पंच्याऐंशी मैल. वारा आता तिच्याही पाठीशी होता, आणि जुना ट्रक घराचा वास लागल्यागत पळत होता. पुरता अंधार पडला नव्हता तेव्हा ती आपल्या नेहमीच्या पंपावर पोचली. पुन्हा काठोकाठ. सव्वासहा गॅलन. नेत्राने भागाकार केला आणि डोळे विस्फारले.

"तेरा पॉइंट सहा! आणि त्याचा?"

सुमेधाने तो मनातच केला होता. चोवीस गॅलनची टाकी, दहा त्याने काल जाताना वापरलं असं त्यानेच लिहिलं होतं, उरलं चौदा. चौदा गॅलनमध्ये एकशे शहाण्णव मैल.

"चौदा."

"चौदा? म्हणजे तुझ्यापेक्षा जास्तच की!" नेत्रा हिरमुसली. "ताई, हे तरी नको टाकूस गं. तो गवतात बसलाय आणि तूच त्याला जिंकवून देतेयस."

"एकोणतीसवाला चौदावर आला आणि अठरावाला तेरा सहावर. त्या डब्यापुढे सगळे सारखेच. हे त्यांना कळायचं असेल तर कळेल. नाहीतर नाही."

तिने ग्रुपवर लिहिलं : 'ट्रेलरसह, वारा पाठीमागून. राजेश : १४.०, टाकी कोरडी होईपर्यंत. सुमेधा : १३.६, टाकी फुल टू टाकी फुल. राजेशचा आकडा मोठा आहे. ट्रेलर फ्रिस्कोत आहे.'

हसरे चेहरे आले नाहीत. यष्टीही आली नाही. मग राजेशचं लिहिणं दिसू लागलं, थांबलं, पुन्हा दिसू लागलं. शेवटी त्याने लिहिलं, 'ताईंचे आकडे बरोबर आहेत. तिन्ही, कालच्या नऊसकट.'

पाठोपाठ संजीव आला. घसा खाकरलेला ऐकू यावा अशाच बेताने त्याने लिहिलं होतं : 'सगळ्यांचे आभार. ठरल्याप्रमाणे ज्याचा आकडा मोठा त्याची किल्ली. पण परिस्थिती पाहता कमिटीला फेरविचार करावा लागेल. सुमेधा, तोपर्यंत किल्ली माझ्याकडे जमा कर.'

सुमेधाने जुडगा काढला. त्यात घराची किल्ली होती, ट्रकची किल्ली होती; ट्रेलरची अजून सुटीच खिशात होती. कडी घट्ट होती. दुखऱ्या हाताच्या अंगठ्याने ती उघडून तिने किल्ली आत सरकवली आणि कडी दाबून बंद केली. मग वही उघडली, ट्रेलरसहच्या रकान्यात नऊ पॉइंट एकच्या खाली तेरा पॉइंट सहा लिहिलं, आणि फोन हातात घेतला.

'अट मी घातली होती, मी मोडतेय,' तिने लिहिलं. 'किल्ली देणार नाही. ढोल सकाळी सातला मैदानावर असतील. उतरवायला या.'

दुसऱ्या दिवशी पावणेसातला ती मैदानावर पोचली, तेव्हा ट्रेलरचं दार उघडायला अकरा जण उभे होते. सगळ्यात पुढे राजेश होता, डोळे तांबारलेले, रात्री कधीतरी घरी पोचलेला. संजीवही होता. किल्ली मागण्याऐवजी तो दारासमोरून बाजूला सरकला, आणि सुमेधाने स्वतःच्या हाताने कुलूप काढलं.